जँगो-टेनंट्स: १२८ दूध संस्था, एक डेटाबेस आणि मधल्या भिंती

"आमचा हिशेब त्यांच्या हिशेबात मिसळणार न्हाई न्हवं?"

कागल तालुक्यातल्या एका दूध संस्थेत डेमो संपला, चहा आला आणि चेअरमननी एवढाच एक प्रश्न विचारला. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दहा दिवसांचं बिल, उत्पादकाच्या मोबाईलवर जाणारा मेसेज, हे मी तासभर दाखवलेलं सगळं त्यांनी मान हलवून बाजूला ठेवलं होतं. 'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे विचारायची गरज नव्हती. त्याच गावात शंभर पावलांवर दुसरी संस्था आहे, दुसऱ्या गटाची. कोणी किती उचल घेतली, दिवाळीला दर-फरक किती बसला, हे ह्या संस्थेचं त्या संस्थेला कळलं तर पुढची निवडणूक त्यावरच लढवली जाते.

माझं जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालायचं. एक संस्था, एक मशीन, एक फाईल. मधली भिंत म्हणजे खरोखरची विटांची भिंत. वेबवर यायचं ठरवलं तेव्हा ती भिंत मला सॉफ्टवेअरमध्ये बांधायची होती, आणि त्यासाठी मी गेली ४ वर्षं जँगो-टेनंट्स वापरते आहे. हा त्याचा हिशेब. (टेनंट म्हणजे भाडेकरू. हा शब्द मी संस्थांसमोर चुकूनही काढत नाही. चेअरमन सभेतून उठून जातील.)

आधी थोडक्यात वस्तू काय आहे ते. जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. त्यासाठीचं हे फुकट, मुक्त स्रोत पॅकेज आहे, एमआयटी परवान्याचं, आणि ते फक्त पोस्टग्रेस ह्या डेटाबेसवर चालतं. पोस्टग्रेसमध्ये एका डेटाबेसच्या आत स्कीमा नावाचे वेगवेगळे कप्पे करता येतात. ही सोय ७.३ आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून आहे. 'उत्पादक' नावाचं टेबल प्रत्येक कप्प्यात वेगळं असू शकतं. (मायएसक्यूएलवरून येणाऱ्यांनी गोंधळू नये, तिथे स्कीमा आणि डेटाबेस ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत.) नुसतं 'उत्पादक' म्हटलं तर कुठल्या कप्प्यातला, हे सर्च पाथ नावाच्या सेटिंगवरून ठरतं. पॅकेजचं मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी ज्यातून जाते तो कोड) आलेल्या विनंतीचं डोमेन बघतं, ती कुठल्या संस्थेची ते ओळखतं आणि सर्च पाथ त्या संस्थेच्या कप्प्याकडे वळवतं. पुढचा सगळा कोड आपण एकाच संस्थेसाठी लिहितोय अशा थाटात लिहायचा.

हा थाटच मला सगळ्यात आवडतो. त्याआधी मी सहा संस्थांसाठी साधी पद्धत करून पाहिली होती: सगळ्यांची टेबलं एकच आणि प्रत्येक ओळीत संस्थेचा नंबर. चालत होती. मग एका रात्री उचल-वसुलीचा रिपोर्ट लिहिताना एका ठिकाणी टेबलं जोडली तिथे संस्थेची अट घालायची राहिली आणि माझ्याच चाचणीत एका संस्थेच्या यादीत दुसरीचे सात उत्पादक आले. बाहेर गेलं नव्हतं, पण मला घाम फुटला. दीडशे रिपोर्टमध्ये दीडशे वेळा आठवणीने अट घालायची, हे माझ्या स्वभावात बसणारं नाही. ओळीनिहाय सुरक्षा (कोणाला कुठली ओळ दिसावी हे डेटाबेसच ठरवतो) पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे आणि तो शहाणा मार्ग आहे, पण त्या वेळी मला ते नियम लिहिण्यापेक्षा कप्पे करणं सोपं वाटलं. अजूनही वाटतं.

उभारणीला दुपार पुरते. अ‍ॅप्सच्या (जँगोत प्रोग्रामच्या एकेका भागाला अ‍ॅप म्हणतात) दोन याद्या करायच्या: सगळ्यांत सामाईक असलेली आणि संस्थेगणिक वेगळी. डेटाबेसचं इंजिन बदलायचं, राउटर (कुठलं टेबल कुठल्या कप्प्यात, हे ठरवणारा) लावायचा, मिडलवेअर सगळ्यात वर ठेवायचं, आणि संस्था व डोमेन अशी दोन मॉडेलं लिहायची. नवीन संस्थेची नोंद सेव्ह केली की कप्पा आपोआप तयार होतो आणि त्यात सगळी टेबलं बसतात.

नावांचा एक गमतीशीर प्रश्न आला. आमच्याकडे हनुमान, जोतिर्लिंग, भैरवनाथ आणि महालक्ष्मी ही चार नावं वगळली तर निम्म्या संस्था बेनावी राहतील. त्यामुळे कप्प्यांना संस्थेचं नाव देणं बाद. शिवाय पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हं. 'सहकारी दूध व्यावसायिक संस्था मर्यादित' एवढंच त्यात मावत नाही, नाव तर लांबच. मी सरळ आकडे दिले.

संस्था जोडायला सुरुवातीला माझ्या सर्व्हरवर पाऊण-एक मिनिट लागायचं, कारण सगळी मायग्रेशन्स, म्हणजे टेबलांच्या रचनेत बदल करणाऱ्या पायऱ्या, पहिल्यापासून चालतात. ब्राउझर तेवढं थांबत नाही. त्यावर उपाय पॅकेजमध्येच आहे: एक कोरा नमुना कप्पा तयार ठेवायचा आणि नवी संस्था आली की त्याची नक्कल काढायची. आता पाच-सहा सेकंदांत काम होतं. सेटिंगची दोन नावं आहेत, कागदपत्रांत सापडतात, पण ती शोधायला मला एक वर्ष लागलं, कारण मी कागदपत्रं अडल्यावरच उघडते.

आता मुद्द्याचं. भिंत किती पक्की आहे?

पहिला धडा दरपत्रकाचा. म्हशीचं दूध ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईचं ३.५ आणि ८.५, ह्या पायावर दर ठरतो आणि त्याच्या वरखाली पॉइंटला इतके पैसे असा तक्ता संस्थांचं दूध घेणारा संघ काढतो. संघाचा तक्ता सगळ्यांना एकच, म्हणून मी दरपत्रकाचं अ‍ॅप सामाईक यादीत टाकलं. शहाणपणा वाटला. पण संस्था आपल्या उत्पादकाला देते तो दर संघाच्याच तक्त्याचा असतो असं नाही; कुणी खर्चाला काही पैसे कापून ठेवतं, कुणी म्हशीला थोडं वाढवून देतं. दुसऱ्या वर्षी मला ते अ‍ॅप सामाईक यादीतून संस्थानिहाय यादीत हलवावं लागलं. हलवलं, मायग्रेशन चालवलं, सगळीकडे 'ठीक' असं आलं. एका सेक्रेटरींनी आपला म्हशीचा दर ५० पैशांनी वाढवला. संध्याकाळच्या संकलनाला सगळ्या संस्थांचा दर वाढला.

झालं असं होतं. प्रत्येक कप्प्यात 'कुठली मायग्रेशन्स झाली' याची स्वतःची वही असते. सामाईक अ‍ॅपचं टेबल संस्थेच्या कप्प्यात होत नाही, पण त्याच्या मायग्रेशनची नोंद 'झालं' म्हणून त्या वहीत पडते. त्यामुळे अ‍ॅप दुसऱ्या यादीत नेल्यावर पॅकेजने वही बघितली, 'हे तर झालेलंच आहे' म्हटलं आणि टेबल केलंच नाही. आणि सर्च पाथमध्ये संस्थेच्या कप्प्यामागे, सामाईक टेबलं ठेवणारा सार्वजनिक कप्पाही असतो. पोस्टग्रेसला दरपत्रक संस्थेच्या कप्प्यात सापडलं नाही, तो गुपचूप मागच्या सार्वजनिक कप्प्यात गेला आणि तिथलं जुनं टेबल बदलून आला. चूक म्हणून एक ओळ नाही, लॉगमध्ये काही नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. त्या अ‍ॅपच्या नोंदी प्रत्येक कप्प्याच्या वहीतून फेक पद्धतीने, म्हणजे टेबलांना हात न लावता, मागे घेतल्या आणि मायग्रेशन पुन्हा चालवलं. पण बिलं दुरुस्त करायला तीन दिवस गेले. वाढीव दर मिळालेल्या उत्पादकाला 'ती चूक होती' म्हणून सांगणं किती अवघड असतं हे ज्याने सांगितलंय त्यालाच कळेल. दोन संस्थांनी तर सांगितलंच नाही, दर तसाच ठेवला.

दुसरा धडा ह्याहून कडू. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सगळ्या संस्था एकदम सुरू होतात आणि डेटाबेसच्या जोडण्यांची रांग लागते. मी मध्ये पीजीबाउन्सर बसवला. तो थोड्या जोडण्या अनेकांत फिरवून वापरतो. मुळात तो सेशन पद्धतीने चालतो: एक ग्राहक जाईपर्यंत त्याची जोडणी त्याचीच. मी वेग मिळेल म्हणून ट्रॅन्झॅक्शन पद्धत लावली, म्हणजे एक व्यवहार संपला की जोडणी दुसऱ्याला. दुपारी एका संस्थेवर तपासलं, मस्त चाललं. एकाच संस्थेवर तपासलं तर मस्तच चालणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६:५० ला फोन. "ओ मॅडम, आमच्यात ही कुठली माणसं घुसल्यात? कोड नंबर १७ टाकला की भलतंच नाव येतंय."

सर्च पाथ हे त्या जोडणीला चिकटलेलं सेटिंग आहे. माझ्या विनंतीने एका जोडणीवर 'मी अमुक संस्था' असं सांगितलं आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याच जोडणीवरून गेला, जिथे आधीच्या कुणाची तरी संस्था लावलेली होती. त्यात मी वेगासाठी, प्रत्येक क्वेरीआधी (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाआधी) सर्च पाथ लावायचा नाही, असं पॅकेजचं एक सेटिंगही चालू केलं होतं, म्हणजे आगीत तेल. ट्रॅन्झॅक्शन पद्धतीत अशी सेटिंग टिकत नाहीत हे पीजीबाउन्सरच्या कागदपत्रांत तक्ता करून स्पष्ट लिहिलेलं आहे. मी तो तक्ता नंतर वाचला. दोष शंभर टक्के माझा.

साडेसात वाजता मी सगळं बंद केलं. तेवढ्या वेळात दुसऱ्याच्या कप्प्यात पडलेल्या नोंदी वेळ आणि मशीनवरून जुळवून हाताने वेचाव्या लागल्या. दोन रात्री गेल्या. नशीब एवढंच, की ज्या संस्थेची नावं त्यांना दिसली ती चंदगडकडची होती आणि फोन करणारे करवीरचे. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. कागलच्या त्या गावात हेच झालं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

तेव्हापासून सेशन पद्धतच आहे. तिच्यात जोडणी परत येताना पीजीबाउन्सर तिच्यावरचं सगळं पुसून टाकतो. वेगाचा फायदा अर्थातच कमी. रांगेवर उपाय म्हणून जँगोचे वर्कर (एका वेळी एकेक विनंती हाताळणारे) मोजून ठेवले आणि सर्व्हरची रॅम वाढवली. साधा उपाय, पैसे लागले, झोप लागते.

ह्या दोन्ही प्रसंगांनंतर मी एक घरगुती इलाज केला आहे, तो जँगो-टेनंट्स वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगते. प्रत्येक संस्थेच्या कप्प्यात 'ओळख' नावाचं एका ओळीचं टेबल ठेवलंय, त्यात त्या संस्थेचा आकडा. सार्वजनिक कप्प्यात हे टेबल मुद्दाम नाही. विनंती आली, सर्च पाथ वळला, की माझं छोटं मिडलवेअर ओळख वाचतं आणि डोमेनवरून काढलेल्या संस्थेशी ताडून बघतं. जुळलं नाही किंवा टेबलच सापडलं नाही तर पान उघडत नाही, मोठ्याने बोंब मारतं. प्रत्येक विनंतीला एक क्वेरी जास्त लागते. लागू दे. आणि रोज रात्री एक तपासणी चालते: संस्थानिहाय यादीतलं प्रत्येक टेबल प्रत्येक कप्प्यात खरोखर आहे का. दरपत्रकाचा घोळ ह्या तपासणीने पहिल्याच रात्री पकडला असता.

कोणाला वाटत असेल की कप्पे वेगळे म्हणजे सुरक्षा आपोआप आली, तर तसं नाही. माझं अ‍ॅप एकाच डेटाबेस यूजरने सगळ्या कप्प्यांत शिरतं आणि त्या यूजरला सगळी दारं उघडी आहेत. कप्पे माझ्या विसराळूपणापासून वाचवतात, चोरापासून नाही. चेअरमनना मी हे असं सांगितलेलं नाही, पण इथे सांगायला हरकत नाही.

तरी कौतुक कशाचं करावं, तर संस्था उचलून देता येते ह्याचं. गेल्या वर्षी एक संस्था दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेली. जाताना 'आमचा सगळा डाटा द्या' म्हणाले. बॅकअपच्या आज्ञेला त्यांच्या कप्प्याचं नाव दिलं आणि चहा यायच्या आत पेनड्राइव्ह हातात दिला. सगळ्यांची टेबलं एकच असती तर ६८ टेबलांतून त्यांच्या ओळी चाळत बसले असते. तसंच एखाद्या सेक्रेटरींनी बिल चुकीचं काढून वर कायमही केलं, तर चालू कप्प्याचं नाव बदलून बाजूला ठेवायचं आणि काल रात्रीचा त्यांचा एकट्यांचा कप्पा जागेवर आणायचा. बाकीच्या १२७ संस्थांना पत्ताही लागत नाही. एक पथ्य मात्र आहे: एका कप्प्याच्या बॅकअपमध्ये सार्वजनिक कप्प्यातली टेबलं येत नाहीत, मग संस्थेचं एखादं टेबल त्यांच्याकडे बोट दाखवत असलं तरी. परक्या सर्व्हरवर उभं करताना ती आधी न्यावी लागतात.

पूर्ण डेटाबेसच्या बॅकअपने मात्र एकदा दगा दिला. एका रात्री तो अर्ध्यातच पडला, शेअर्ड मेमरी संपली म्हणून. मी रॅम बघत बसले, रॅम तर मोकळी. बॅकअप सुरू होताना प्रत्येक टेबलावर एक हलकं कुलूप लावतो, आणि कुलपांच्या जागा ठरलेल्या असतात: व्यवहारामागे ६४ गुणिले १०० जोडण्या, म्हणजे साधारण ६४००, थोडं वरखाली. माझ्याकडे १२८ संस्था गुणिले ६८ टेबलं, ८७०४. तो ६४ चा आकडा २५६ केला, सर्व्हर पुन्हा चालू केला, प्रश्न मिटला. पण ह्यातून एक कळतं, की हजारो संस्था असत्या तर हा मार्ग धरू नये. नुसत्या टेबलांच्या याद्या सांभाळण्यातच पोस्टग्रेसचा जीव जाईल.

मायग्रेशनचंही तेच. एक कॉलम वाढवायचा तर तो १२८ वेळा वाढतो. समांतर चालवायची सोय आहे, तरी मोठ्या बदलाला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि त्या वेळात काही कप्पे जुने, काही नवे. एकदा ७३ व्या संस्थेत जुना खराब डेटा निघाला आणि गाडी तिथेच थांबली. आधीच्या ७२ पुढे गेलेल्या, बाकीच्या मागे. तेव्हापासून नवा कॉलम आधी रिकामा चालेल असाच टाकते आणि नव्या कोडला जुन्या कप्प्यावर चालता आलंच पाहिजे असा नियम केला. वेळही ठरलेली: सकाळचं संकलन आटोपल्यावर अकरा ते तीन. आणि १, ११, २१ ह्या बिलाच्या तारखांना कशालाही हात लावायचा नाही.

पॅकेजचा एक भित्रेपणा मला फार आवडतो. माझ्याकडच्या पोराने एकदा अ‍ॅडमिनमधून चाचणीची संस्था समजून खरीच संस्था डिलीट केली. पोरगं पांढरं पडलं. नोंद गेली, डोमेन गेलं, पण कप्पा जागच्या जागी. संस्था पुसली तरी कप्पा पुसायचा नाही, हे तिथे मुळातच ठरवलेलं आहे; पुसायला हवा तर तुम्ही मुद्दाम सांगायचं. त्याच नावाने नोंद परत केली, डोमेन परत लावलं, संस्था हजर. सेक्रेटरींना वाटलं नेट गेलं होतं.

ज्या गोष्टी हाताने कराव्या लागल्या त्या: कॅशला (वेगासाठीच्या तात्पुरत्या साठ्याला) संस्थेचं नाव जोडणं (सोय आहे, पण आपण चालू करायची), फोटो आणि पीडीएफ संस्थानिहाय फोल्डरात ठेवणं (तेच), मागे चालणाऱ्या कामांसाठी वेगळं पॅकेज लावणं. सगळ्या संस्थांचं मिळून एकूण दूध किती, असा साधा प्रश्न मात्र इथे अवघड होतो. १२८ कप्प्यांत फिरून यावं लागतं. मी रात्री एकदा फेरी मारून आकडे एका सामाईक टेबलात टाकते आणि दिवसभर तेच दाखवते. आणि चाचण्या हळू आहेत, कारण प्रत्येक वेळी कप्पा नव्याने बांधला जातो. त्यासाठी एक जलद प्रकार दिलाय, तो वापरला तर सुसह्य होतं.

पाचपैकी चार तारे. अर्धा तारा मागच्या सार्वजनिक कप्प्यात गुपचूप जाण्यासाठी कापला, अर्धा मायग्रेशनच्या वेळेसाठी. पीजीबाउन्सरचा अर्धा माझ्या खात्यात.

कोणी घ्यावं? पन्नास ते काहीशे गिऱ्हाइकं, प्रत्येकाचा हिशेब वेगळा, ऑडिटर वेगळा आणि एकमेकांचं तोंड न बघणारी, अशांनी डोळे झाकून. पतसंस्था, शाळा, छोटे दवाखाने. फुकट नोंदणी करून दुसऱ्या दिवशी विसरून जाणारे हजारो वापरणारे असतील, तर एकच टेबल आणि ओळीनिहाय सुरक्षा बरी.

'ओळख' टेबलाचा कोड कोणाला हवा असेल तर विचारा, देईन. फक्त १, ११ आणि २१ तारीख सोडून.